सिगारेटऐवजी न गळणारा वेप टँक हवा आहे, सांगलीत काय घ्यावं?

कुपवाड_शिफ्टवाला

नमस्कार मंडळी. दिवसाला पंधराएक सिगारेटी होतात. पहिली उठल्यावर चहाबरोबर, अर्ध्या तासाच्या आतच. काम कुपवाड एमआयडीसीत फौंड्रीत, पाळी दर आठवड्याला बदलते. आता सिगारेट कायमची बंद करायची आहे.

वेपबद्दल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटबद्दल, बरंच वाचलं. सगळीकडे एकच तक्रार दिसते की लिक्विड भरायचा टँक गळतो, खिसा चिकट होतो, तोंडात कडू पाणी येतं. तर न गळणारा, टिकाऊ टँक कोणता? सांगली-मिरजेत मिळेल का, की पुण्याहून मागवावा? निकोटीनचा च्युइंगम घेऊन झालाय. उचकी लागते, घशाशी जळजळतं आणि तलफ काही जात नाही, म्हणून तो सोडून दिला. जाणकारांनी नीट सांगावं.

पाना_पक्कड

दादा, तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. टँक का गळतो हे आधी सांगतो, म्हणजे 'न गळणारा' म्हणून जे विकतात त्याचा अर्थ कळेल. मग तो इथं का घेऊ नये ते.

टँकमधलं लिक्विड झाकणामुळे आत राहत नाही. वरचं झाकण हवाबंद बसलं की आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि त्या ओढीवर लिक्विड धरून राहतं. खाली लिक्विड तापवणाऱ्या तारेभोवती, म्हणजे कॉइलभोवती, कापूस असतो, तो भिजून फुगतो आणि भोकं बुजवतो. या दोन्हींपैकी एक बिघडलं की गळती सुरू. रबरी ओ-रिंग चिरली किंवा सुकली, कॉइलचा आटा तिरका बसला, काचेला केसाएवढी चीर गेली, की हवा आत शिरते आणि सगळा माल खालच्या हवेच्या भोकांतून बाहेर येतो. बऱ्याच टँकची भोकं तळाशीच असतात. भोकं वर असलेले टँक कमी गळतात, कारण लिक्विडला वर चढून बाहेर पडावं लागतं. 'लीक-प्रूफ' म्हणून जे मिळतं ते बहुतेक याच रचनेचं. त्यातही कॉइलमधून लिक्विड धूर ओढायच्या नळीत चढू शकतं. तुम्ही म्हणता ते तोंडात येणारं कडू पाणी तेच.

दुसरं कारण लिक्विडचं. त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं. ग्लायकॉल जास्त असेल तर ते पातळ, ग्लिसरीन जास्त असेल तर घट्ट. मोठ्या भोकांच्या, कमी ओहमच्या कॉइलमध्ये पातळ लिक्विड घातलं की कापूस त्याला थोपवू शकत नाही. उन्हानं तापलेल्या गाडीत किंवा भट्टीशेजारच्या खिशात घट्ट लिक्विडही पातळ होतं. आणि आपल्याकडे घाट आहेत. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशेच्या. वाईहून पसरणी घाट चढायला लागलं की बाहेरचा दाब कमी होतो, टँकमधली हवा फुगते आणि लिक्विड खाली ढकलते. टँक अर्धा रिकामा असेल तर जास्तच, कारण फुगायला आत हवा जास्त. म्हणजे रचना कितीही चांगली असली तरी ओ-रिंग, कॉइल आणि कापूस वेळच्या वेळी बदलावेच लागतात. एकदा घेतला आणि कायमचा सुटलो, असा टँक नसतो.

आता दुसरा भाग. इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर आपल्याकडे २०१९ पासून देशभर बंदी आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात, सगळं बंद. कायद्यात 'पूर्ण वस्तू किंवा तिचा कोणताही भाग' असे शब्द आहेत, म्हणून नुसता टँक किंवा नुसती कॉइल विकणंही त्यातच येतं. निकोटीन नसलेलं लिक्विड असलं तरी यंत्र तेच, त्यामुळे ती पळवाटही नाही. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करून ठेवण्याला वेगळी शिक्षा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

शिक्षेपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते असं. चोरून आलेल्या मालावर निकोटीन बारा मिलिग्रॅम लिहिलंय म्हणून आत बाराच आहे हे तुम्ही कशावरून ठरवणार? सुटे भाग मिळत नाहीत, तक्रार कुणाकडे करायची सोय नाही, बॅटरी कुठली आहे माहीत नाही. निकोटीन कातडीतून अंगात शिरतं, त्यामुळे गळका टँक म्हणजे नुसता चिकटपणा नाही. हातावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवावं लागतं. घरात लहान मूल असेल तर बाटलीतले काही घोटही त्याच्या जिवावर बेतू शकतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सिगारेट सोडवण्यात निकोटीनचे वेप हे च्युइंगम किंवा पॅचपेक्षा (कातडीला चिकटवायची निकोटीनची पट्टी) जास्त उपयोगी पडतात असं कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात आलेलं आहे. तुम्ही वाचलेलं खोटं नाही. पण त्या चाचण्या ज्या मालावर झाल्या तो माल इथं तुमच्या हातात येणार नाही. म्हणून माझं मत, टँकचा नाद सोडा आणि च्युइंगम का चालला नाही ते शोधा. त्यावर औषधवाल्यांनी लिहावं.

मेडिकल_विश्रामबाग

वरचं सगळं बरोबर. आता च्युइंगमबद्दल. उचकी, जळजळ आणि तलफ न जाणं, या तिन्ही तक्रारी काउंटरवर रोज ऐकू येतात आणि तिन्हींचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. च्युइंगम साध्या च्युइंगमसारखा चघळला जातो.

यातलं निकोटीन पोटातून कामाचं नाही. गिळलं की ते आधी यकृतात जातं आणि मोठा भाग तिथंच मोडतो. पोटात मात्र जळजळ, मळमळ, उचकी करून जातं. ते शोषलं जायला हवं तोंडातल्या मऊ कातडीतून, गाल आणि हिरडीच्या मधून. म्हणून पद्धत अशी. एक तुकडा तोंडात घ्या आणि अगदी सावकाश चावा, दहा-पंधरा वेळा. तिखट चव आली किंवा झिणझिण्या जाणवल्या की चावणं थांबवा. तंबाखूचा बार धरतात तसा तो गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. मिनिटभरानं झिणझिण्या कमी झाल्या की पुन्हा दोन-चार वेळा चावा, पुन्हा तिखट लागलं की यावेळी दुसऱ्या गालात ठेवा. असं साधारण अर्धा तास. चावूनही तिखटपणा येईनासा झाला की तुकडा संपला, कागदात गुंडाळून टाका. मध्येच लाळ गिळायची वेळ आली तर थोडी थोडी गिळा, घोट घेऊ नका.

आता चुन्याची गोष्ट. तंबाखूला चुना का लावतात? निकोटीन अल्कधर्मी वातावरणात तोंडाच्या कातडीतून आत जातं, आम्लात जात नाही. चुना ते वातावरण तयार करतो. च्युइंगममध्ये त्याच कामासाठी सोड्याच्या जातीचे क्षार घातलेले असतात, सौम्य प्रमाणात. त्यावर तुम्ही कॉफी, लिंबू सरबत, कोकम, ताक किंवा बाटलीतलं थंड पेय घेतलंत की क्षारांचा परिणाम मोडला. तुकडा तोंडात आहे पण निकोटीन आत जात नाही, आणि माणूस म्हणतो की याचा काही उपयोग नाही. त्यामुळे च्युइंगमच्या आधी १५ मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही खाऊ-पिऊ नका. चहा झाला की चूळ भरा, पाव तास थांबा, मग घ्या.

मात्रेचं बघू. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागते त्याला ४ मिलिग्रॅमचा तुकडा, नंतर लागत असेल तर २ मिलिग्रॅमचा. तुम्ही पहिल्या गटात. २ मिलिग्रॅम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ ला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. हिशेब असा धरा की २ मिलिग्रॅमच्या तुकड्यातून नीट वापरला तर साधारण निम्मंच निकोटीन अंगात जातं. एका सिगारेटमधून एक ते दीड मिलिग्रॅम जातं. पंधरा सिगारेटी ओढणाऱ्यानं दिवसात तीन तुकडे घेतले तर तलफ जाणार कशी?

पहिले सहा आठवडे जागेपणी दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला निदान नऊ. सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन ते चार तासांनी. दहाव्या ते बाराव्यात दर चार ते आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर कधीच नाही. लोक घाबरून चौथ्या आठवड्यातच थांबतात आणि पाचव्यात टपरीवर दिसतात.

आणखी एक. सिगारेटचं निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, च्युइंगमला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून तलफ आल्यावर च्युइंगम शोधू नका. तलफ कधी येते ते तुम्हाला ठाऊक आहे. पाळी सुटायच्या अर्धा तास आधी, जेवणानंतर चूळ भरून झाल्यावर, घड्याळ बघून घ्या.

कवळी असेल किंवा दाढ दुखत असेल तर निकोटीनची चोखायची गोळी घ्यावी. ती चावायची नाही, गिळायची नाही, २० ते ३० मिनिटं तोंडात इकडून तिकडे फिरवत विरघळू द्यायची.

कुपवाड_शिफ्टवाला

धन्यवाद दोघांनाही. मी चहा पितापिता च्युइंगम चावत होतो, सरळ. आता कळलं.

अजून विचारतो. पॅचबद्दल कुणी लिहा. भट्टीजवळ काम, घाम भरपूर, चिकटून राहील का? रात्रपाळीला कसं करायचं? आणि सोबतची पोरं म्हणतात सिगारेट सोडायची तर तंबाखू-चुना धर, त्यानं सुटते. त्यात तथ्य आहे का?

समुपदेशन_मिरज

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. तंबाखू-चुना धरून सिगारेट सुटली तरी निकोटीनचं व्यसन तसंच राहतं, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका नव्यानं ओढवून घेता. च्युइंगममध्ये शुद्ध निकोटीन आहे, तंबाखू नाही. कॅन्सर करणारी द्रव्यं तंबाखूच्या पानात आणि धुरातल्या डांबरात असतात. हा फरक पोरांनाही सांगा, त्यांच्या भल्याचंच आहे.

पॅच तुमच्यासाठी योग्य आहे. किंबहुना नुसत्या च्युइंगमपेक्षा पॅच आणि च्युइंगम मिळून घ्यावं असं मी म्हणेन. पॅच दिवसभर निकोटीनची एक पातळी धरून ठेवतो, आणि मध्येच उसळणाऱ्या तलफेसाठी २ मिलिग्रॅमचा च्युइंगम. दोन्ही मिळून घेतल्यास एकट्या उपायापेक्षा जास्त लोकांची सिगारेट सुटते, हे अनेक चाचण्यांत दिसलेलं आहे. मात्र जोडी लावायची तर डॉक्टरांना विचारून लावा, कारण वर मेडिकलवाल्यांनी दिलेला नऊ तुकड्यांचा हिशेब एकट्या च्युइंगमचा आहे. पॅचबरोबर तुकडे कमी पुरतात.

दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी असतील तर २१ मिलिग्रॅमचा पॅच सहा आठवडे, मग १४ चा दोन आठवडे, मग ७ चा दोन आठवडे. दहा किंवा कमी असतील तर १४ पासून सुरुवात.

लावायची जागा दंडाचा वरचा भाग, छाती किंवा पाठ, केस नसलेली. आदल्या दिवशी तेल लावलं असेल तर ते नीट जायला हवं. नुसत्या पाण्यानं धुवा, टॉवेलनं टिपा, आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच लावा. तळहातानं दहा सेकंद घट्ट दाबा, कडांवरून बोट फिरवा. लावून झालं की हात पाण्यानं धुवा, डोळ्याला हात लावू नका. रोज जागा बदला, तीच जागा आठवड्याभरात पुन्हा नको. तिथं पहिल्या तासाभरात खाज, थोडी लाली येते, ती बहुतेकांची जाते. चट्टा वाढत गेला, सूज आली किंवा अंगावर पित्त उठलं तर काढा आणि डॉक्टरांना दाखवा. पॅच कापून अर्धा करू नका.

घामाचं म्हणाल तर अंघोळीनं पॅच निघत नाही, पण फौंड्रीतला घाम वेगळा. दंडापेक्षा पाठीचा वरचा, खांद्याच्या फऱ्यावरचा भाग बरा, तिथं बाहीचं घासणं नाही. कामावर जायच्या तासभर आधी, अंग थंड असताना लावा. कड उचकटली तर वरून कागदी वैद्यकीय चिकटपट्टी लावता येते. सुटून पडलाच तर नवा लावा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेवर या.

उष्णतेबद्दल मात्र जपा. कातडी तापली की रक्त जास्त वाहतं आणि पॅचमधून निकोटीन जास्त शिरतं. भट्टीच्या तोंडाशी उभं राहण्याचं काम असेल तर पॅच त्या बाजूला नको. गरगरलं, मळमळलं, थंड घाम फुटला, छातीत धडधड वाढली तर पॅच काढून जागा नुसत्या पाण्यानं धुवा. साबण नको, साबणानं शोषण वाढू शकतं. बरं वाटलं नाही तर दवाखाना गाठा.

पाळीचं गणित सोपं आहे. घड्याळाला नाही, उठण्याला बांधून घ्या. दिवसपाळीला सकाळी उठल्यावर, रात्रपाळीला दुपारी झोपून उठल्यावर. पाळी बदलण्याच्या दिवशी दोन पॅच एकावर एक चढणार नाहीत एवढं बघा, जुना काढूनच नवा. काहींना पॅच ठेवून झोपलं की विचित्र, अगदी खरीखुरी वाटणारी स्वप्नं पडतात, झोप मोडते. तसं झालं तर झोपताना काढून ठेवा. मग उठल्यावरची तलफ जोरात येईल, कारण नवा पॅच लावल्यावर पातळी चढायला काही तास जातात. तेवढ्यापुरता उठल्याबरोबर चूळ भरून एक च्युइंगम घ्या. चहा त्यानंतर. तुमची पहिली सिगारेट चहाला जोडलेली आहे, तेव्हा हा क्रम बदलणंच कामाचं.

आणि चहाबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सिगारेटच्या धुरामुळे यकृतातलं एक एन्झाइम जोरात चालतं आणि कॅफीन भराभर मोडतं. धूर बंद झाला की ते एन्झाइम काही दिवसांत मंदावतं. तुम्ही पूर्वीइतकाच चहा प्यालात तरी रक्तात कॅफीन जास्त राहतं. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं, चिडचिड. माणसाला वाटतं ही सिगारेट सोडल्याची लक्षणं आणि तो परत ओढतो. सोडायच्या दिवसापासून चहा-कॉफी निम्म्यावर आणा, विशेषतः रात्रपाळीला. हे निकोटीनमुळे होत नाही, धुरामुळे होतं, म्हणून पॅच-च्युइंगम चालू असतानाही लागू आहे.

अजिंक्यतारा_पायथा

सातारचा आहे. वरच्या एन्झाइमच्या मुद्द्यावरून विचारतो. वडिलांना दम्यासाठी डेरिफायलिन चालू आहे, आणि ते विडी सोडायच्या विचारात आहेत. मधुमेहही आहे. त्यांनी काही काळजी घ्यावी का?

मेडिकल_विश्रामबाग

हो, आणि बरं केलंत विचारलंत. डेरिफायलिनमध्ये थिओफायलिन आहे आणि तेही त्याच एन्झाइमनं मोडतं. विडी बंद झाली की तीच गोळी रक्तात जास्त साठू लागते. उलट्या, धडधड, डोकं दुखणं, झोप उडणं ही त्याची चिन्हं, फार वाढलं तर झटकेही येतात. म्हणून विडी सोडण्याच्या आधीच गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बघून कमी करतील. स्वतःहून गोळी बंद करू नका, दमा उसळेल. मानसिक आजाराच्या गोळ्यांपैकी क्लोझापिन आणि ओलान्झापिनला हेच लागू आहे. मधुमेहासाठी पहिले काही आठवडे साखर जास्त वेळा तपासा. सोडल्यावर इन्सुलिनचा परिणाम बदलू शकतो, आणि खाणंही वाढतं.

विडीसाठी निकोटीनची मात्रा ठरवताना नग मोजण्यात अर्थ नाही. उठल्यावर किती वेळात पहिली लागते तेच बघा. पुढचं डॉक्टर ठरवतील.

ज्यांना गेल्या दोन आठवड्यांत हार्ट अटॅक येऊन गेलाय, छातीत वारंवार दुखतंय किंवा ठोके अनियमित आहेत त्यांनी, आणि गरोदर बायकांनी, पॅच-च्युइंगम डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये. ब्लडप्रेशर आहे म्हणून मात्र घाबरून सिगारेट चालू ठेवणं हा उलटा हिशेब आहे. सिगारेटमध्ये निकोटीन आहेच, वर कार्बन मोनॉक्साइड आणि डांबरही आहे.

समुपदेशन_मिरज

सातारच्या भाऊंनी वडिलांना क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात न्यावं, तंबाखू मुक्ती केंद्राची चौकशी करावी. सांगलीकरांनी सिव्हिलला किंवा मिरजेच्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात विचारावं. दंत महाविद्यालयांतही तंबाखू सोडवण्याचं काम चालतं. जाताना चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि दिवसाच्या सिगारेटींचा हिशेब घेऊन जा. कधी, कुठे, कुणाबरोबर, हे चार-पाच दिवस पाकिटाच्या पाठीमागे लिहिलं तरी पुरे. त्यावरून कुठली सिगारेट निकोटीनची आणि कुठली नुसत्या सवयीची ते लगेच दिसतं.

फोनवर बोलायचं असेल तर राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६, पैसे लागत नाहीत. हा नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, लोक रोज हातात धरतात आणि वाचत नाहीत. मोबाइलवर संदेश हवे असतील तर ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल द्या.

पॅच आणि च्युइंगम नीट वापरूनही जमलं नाही तर गोळ्या आहेत. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपियॉन, दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. दोन्ही सिगारेट चालू असताना सुरू करतात आणि सोडायचा दिवस एक-दोन आठवडे पुढचा ठरवतात. व्हॅरेनिक्लिननं मळमळतं, म्हणून जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी सांगायचं. ब्युप्रोपियॉन फिट येणाऱ्यांना चालत नाही. ओळखीच्या कुणाला चालली म्हणून त्याची उरलेली स्ट्रिप घेऊ नका.

पाना_पक्कड

यंत्रावरचं बोलून झालं, हाताचं राहिलं. वेप घ्यावासा वाटतो त्यात निकोटीनइतकाच हाताला आणि ओठाला काहीतरी हवं असण्याचा भाग असतो. तासगावचे बेदाणे, बडीशेप, लवंग खिशात ठेवा. भडंग चालतं, पण रात्रपाळीला रोज बशीभर खाल्लं तर वजन वाढेल. सोडल्यावर वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतात, तेव्हा खाण्यापेक्षा चघळण्याकडे कल ठेवा. फक्त निकोटीनचा च्युइंगम तोंडात असताना हे काही नको, पुन्हा तोच पाव तासाचा नियम.

तलफ काही मिनिटंच टिकते. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड, मग दोन ते चार आठवड्यांत उतरत जातं. म्हणून रात्रपाळी संपून दिवसपाळी लागल्या लागल्या सुरुवात करू नका, झोपेचं खोबरं झालेलं असतं. दिवसपाळीच्या आठवड्यात साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी सुरू करा. आदल्या रात्री पाकीट, लायटर, गाडीच्या डिकीतली सुटी सिगारेट, सगळं घराबाहेर.

कुपवाड_शिफ्टवाला

वेपचा विषय माझ्याकडून बंद. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन पॅच आणि २ मिलिग्रॅम च्युइंगम, पुढच्या दिवसपाळीला. शेवटचं विचारतो. मध्येच कुणी हातात दिली आणि एक सिगारेट ओढलीच गेली, तर पॅच काढायचा का? आणि वापरलेले पॅच कचऱ्यात टाकले तर चालतं ना, घरी दोन वर्षांची मुलगी आहे.

मेडिकल_विश्रामबाग

एक ओढली गेली तर पॅच काढू नका. पॅच काढला की पातळी उतरते आणि दुसरी ओढायची पाळी येते. पॅच चालू ठेवा, त्या दिवशीचे च्युइंगम वेळेवर घ्या आणि ती सिगारेट कुठल्या वेळी, कुणासोबत झाली ते लिहून ठेवा. रोजच दोन-चार व्हायला लागल्या तर मात्र मात्रा कमी पडतेय, केंद्रात जाऊन वाढवून घ्या.

पहिल्या काही आठवड्यांत खोकला वाढलेला वाटेल, कफ सुटेल. श्वासनळीतले बारीक केस पुन्हा काम करायला लागतात त्याचं ते आहे. तोंडात फोड येतात, बद्धकोष्ठ होतं, त्याला रात्री पाण्यातून इसबगोल. खोकल्यात रक्त आलं किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर वाट न बघता दाखवा.

पॅच उघडे टाकू नका. चोवीस तास वापरलेल्या पॅचमध्येही लहान मुलाला त्रास होईल एवढं निकोटीन उरलेलं असतं. काढला की चिकट बाजू आत घेऊन मधोमध दुमडा, रिकाम्या पाकिटात घाला आणि झाकणाच्या डब्यात टाका. नवे पॅच आणि च्युइंगमच्या स्ट्रिपा वरच्या कपाटात, कुलपात. कामाचे कपडे काढताना खिशात च्युइंगम राहिलेला नाही ना, हे रोज बघा. झोपताना पॅच काढून ठेवत असाल तर तो उशाशी किंवा पलंगाच्या कडेला नको. आणि मुलगी अंगाखांद्यावर खेळते तेव्हा दंडावरचा पॅच ओढून तोंडात घालू शकते, म्हणून पाठीवरचीच जागा धरा.